ठसा आपल्या हाताचा

१४ एप्रिल उजाडला, बुद्ध पौर्णिमा उजाडली की मोबाईलवर सकाळपासून चित्रे येऊ लागतात. एकाने पाठवलेले चित्र दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. संध्याकाळपर्यंत तेच कमळ आणि तीच अक्षरे दहा घरे फिरून आपल्याकडेच परत येतात. दुसऱ्या दिवशी मोबाईल भरला म्हणून आपण ती सगळी पुसून टाकतो. कार्डाच्या दुकानात जावे, तर दिवाळीची, नाताळची, वाढदिवसाची कार्डे रांगेने मांडलेली असतात. आपल्या मंगलदिनाचे कार्ड मागितले की दुकानदार खालच्या खणात शोधू लागतो. कधी एखादे सापडते, बहुधा सापडत नाही.

म्हणून आम्ही आमच्या भगिनींना आणि बालमित्रांना सुचवतो की, यंदा शुभेच्छापत्रे घरीच करावीत, आणि ती ठशांनी छापावीत. खर्च थोडा, सामान घरातले, आणि एकदा ठसा कापला की एका बैठकीत वीस-पंचवीस कार्डे सहज होतात. हाताने केलेले कार्ड कोणी फेकत नाही. ते पुस्तकात जपले जाते, नाहीतर आरशाच्या चौकटीत खोचले जाते.

हे म्हटले की पहिले उत्तर ठरलेले असते : "आम्हाला कुठे चित्र काढता येते?" आपल्या घरांतून हे वाक्य फार ऐकू येते. चित्र, नक्षी, रंग हे दुसऱ्या कुणाचे काम, आपले हात फक्त राबण्यासाठी, असे पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबवले गेले. खरे तर विणणारे, घडवणारे, दगड फोडणारे, दोर वळणारे हात आपलेच. त्या हातांना फक्त आठवण करून द्यायची आहे. त्यासाठी ठशासारखे सोपे साधन दुसरे नाही.

ठशाची जुनी ओळख

ठशाचा आणि बौद्ध जगाचा संबंध फार जुना आहे. इ-त्सिंग नावाचे चिनी भिक्खू इ. स. ६७१ मध्ये चीनमधून भारताकडे निघाले. नालंदा महाविहारात ते सुमारे दहा वर्षे राहिले. भारतातले भिक्खू आणि उपासक मातीचे लहान चैत्य करतात, रेशमावर आणि कागदावर बुद्धप्रतिमेचे ठसे उमटवतात, असे त्यांनी आपल्या वृत्तांतात लिहून ठेवले आहे. नालंदाच्या उत्खननात मातीच्या मुद्रा मोठ्या संख्येने मिळाल्या. महाविहाराच्या मुद्रेवर मध्ये धम्मचक्र आणि दोन्ही बाजूंना एकेक हरिण आहे. सारनाथच्या मृगदावात पहिले प्रवचन झाले, त्याची ही खूण.

जपानमध्ये शोतोकु नावाच्या सम्राज्ञीने आठव्या शतकात लाकडाचे दहा लाख छोटे स्तूप करवून घेतले आणि त्यांत छापलेल्या धारणी ठेवल्या. ते काम इ. स. ७७० च्या सुमारास पुरे झाले. तारीख नोंदलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणजे 'वज्रच्छेदिका' सूत्राचा चिनी अनुवाद. लाकडी ठशांनी छापलेला हा पट चीनमधल्या तुन-हुआंगच्या लेण्यांत सापडला. आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या शेवटी लिहिले आहे की, वांग च्ये नावाच्या गृहस्थाने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी तो करवून घेतला. तारीख येते ११ मे ८६८.

आईवडिलांच्या नावाने छापावे आणि लोकांना वाटावे, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. हाताने लिहिलेली पोथी एका घरी जाते, ठशाने छापलेली शंभर घरी जाते. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तोही खिळे जुळवून, म्हणजे अक्षरांच्या ठशांतूनच.

शुभेच्छापत्राची आजची रीत मात्र अलीकडची. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी एका चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि छापून विकले. हे छापून विकलेले पहिले नाताळ कार्ड मानले जाते. पुढे ही रीत जगभर गेली. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला लोक एकमेकांना कार्डे पाठवतात, घरापुढे कागदी कंदील लावतात. जपानमध्ये नववर्षाची कार्डे पोस्टाने १ जानेवारीला घरी पोचतात, आणि त्यांवर बटाट्याचा किंवा खोडरबराचा ठसा घरीच कापून छापण्याची हौस तिथे पुष्कळांना आहे. तेव्हा आपण काही वेगळे करतो आहोत असे नाही.

सामान काय लागेल?

जाड कार्डशीट किंवा चित्रकलेचा जाड कागद घ्यावा. ए-फोर आकाराचा एक कागद मधोमध कापला आणि प्रत्येक तुकडा दुमडला की दोन कार्डे होतात. दहा कागदांत वीस कार्डे. घरात जुन्या लग्नपत्रिका साठलेल्या असतात. त्यांची कोरी बाजूही उत्तम चालते.

रंग म्हणून पोस्टर कलर घ्यावेत. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी, हे पंचरंगी ध्वजातले पाच रंग असले की पुरे. रंग पातळ नसावा, दह्याइतका दाट असावा. ताटलीत फोमचा किंवा जुन्या फलाणीचा तुकडा ठेवून त्यावर रंग पसरावा, म्हणजे ठशाची गादी तयार. घरातल्या हळदीचाही रंग होतो. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल होते. त्यात थोडी पिठाची खळ मिसळली की रंग कागदावर पसरत नाही. मात्र हळदीचा रंग उन्हात उडतो, हे ध्यानात ठेवावे.

ब्लेड आणि सुरी मोठ्यांनीच हातात घ्यावी. मुलांकडे रंग आणि छपाई द्यावी.

ठसे करण्याच्या कृती

*बटाट्याचा ठसा :* मोठा, टणक बटाटा घ्यावा. हिरवा पडलेला, खायला न चालणारा असेल तर फारच छान, अन्न वाया जायला नको. मोठ्या सुरीने एका झटक्यात मधोमध कापावा. करवतल्यासारखा कापला तर पृष्ठभाग उंचसखल होतो आणि ठसा तुटक उमटतो. कापलेली बाजू जुन्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटे पालथी ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाईल. मग आकार काढून त्याच्या भोवतीचा भाग अर्ध्या सेंटिमीटर खोलीपर्यंत कापून टाकावा. गादीवर टेकवून ठसा सरळ दाबावा आणि सरळच उचलावा, डोलवू नये. पहिला ठसा नेहमी रद्दी कागदावर घ्यावा. बटाट्याचा ठसा एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून कार्डे एका बैठकीत करावीत.

*चक्र :* औषधाच्या बाटलीचे झाकण बटाट्यात दाबून गोल उठवावा आणि बाहेरचा भाग काढून टाकावा. मग भाकरीचे अर्धे, चतकोर आणि पुन्हा त्याचे अर्धे करावेत, तशा मध्यातून जाणाऱ्या चार रेषा कोराव्यात. आठ आऱ्यांचे चक्र झाले. कोरलेल्या रेषा कोऱ्या राहतात, म्हणून निळ्या चक्रात पांढऱ्या आऱ्या दिसतात. अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या बटाट्यावर बसवण्याच्या भरीस पडू नये. अष्टांगिक मार्गाच्या आठ पुरेत.

*खोडरबराचा ठसा :* अक्षरांसाठी आणि बारीक कामासाठी खोडरबर चांगले. ठशात सगळे उलटे उमटते, हे छापखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको. त्यावर सोपी युक्ती आहे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर सरळ लिहावे, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने घासावा. अक्षर खोडरबरावर उलटे उठते. ते तसेच कोरले की कागदावर सरळ उमटते. असा ठसा धुऊन ठेवला तर वर्षानुवर्षे चालतो.

*चपलेच्या तळाचा ठसा :* झिजलेल्या रबरी चपलेचा तळ फेकू नये. टाचेकडचा सपाट भाग ब्लेडने हव्या त्या आकारात कापून लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवावा. सायकलचे पंक्चर काढायला वापरतात ते सोल्यूशन त्याला चांगले. मोठ्या आकाराच्या ठशाला हे रबर फार उपयोगी.

*भाजीचे ठसे :* जून भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल तयारच असते. कांद्याचा अर्धा भाग तळ्यातल्या तरंगांसारखी वर्तुळे देतो. दाणे खाऊन झालेले मक्याचे कणीस रंगात घोळवून कागदावर फिरवले की ठिपक्यांची पट्टी उमटते. ठोकळ्याला सुतळी गुंडाळली की रेघांचा ठसा होतो. ही कामे पाच वर्षांचे मूलही करील.

चित्र सुचावे कसे?

सगळ्यांचे घोडे इथेच अडते. सामान मांडले, रंग कालवला, आणि काढायचे काय? आमचे सांगणे असे की, चित्र काढण्याचा विचार सोडावा आणि खूण शोधावी.

सांचीच्या तोरणांकडे पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी भगवान बुद्धांच्या जीवनातले प्रसंग कोरले, पण बुद्धांची मूर्ती कोरली नाही. बोधी झाली, तिथे पिंपळाचे झाड दाखवले. धम्म सांगितला, तिथे चक्र. ते चालून गेले, तिथे पावले. बसले होते, तिथे रिकामे आसन. महापरिनिर्वाणासाठी स्तूप. पाहणाऱ्याला सगळे कळते. ठशाच्या कामाला याहून चांगला गुरू मिळणार नाही, कारण ठशालाही थोडक्यातच बोलावे लागते. म्हणून बुद्धांचा किंवा बाबासाहेबांचा चेहरा बटाट्यावर कापायला जाऊ नये. रंग जरा पसरला की चेहरा बिघडतो आणि आपल्यालाच वाईट वाटते. गोल काचांचा चष्मा, शेजारी पेन आणि पुस्तक एवढे उमटवले की बालवाडीतले मूलही नाव सांगते.

दुसरा गुरू म्हणजे पिंपळाचे पान. ते ठसा म्हणून जसेच्या तसे वापरता येते. पूर्ण वाढलेले पान कार्डावर मावत नाही, म्हणून लहान, ताजे पान निवडावे. त्याच्या खालच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात. त्या बाजूला रंग पातळ थरात लावावा, पान कागदावर ठेवावे, वर वर्तमानपत्र घालून तळहाताने चोळावे आणि देठ धरून उचलावे. टोकाच्या शेपटीसकट प्रत्येक शीर उमटते. निळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने हे पान फार उठून दिसते.

तिसरी शाळा आपल्या डोंगरांत आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाची पिंपळपानी कमान पाहा. एक कमान खोडरबरावर कापली आणि ओळीने छापली की कार्डाची किनार झाली. अजिंठ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर कमळे, फळे, हत्ती, हंस चौकटी-चौकटींतून मांडले आहेत. पहिल्या लेण्यातल्या एका खांबावर चार हरणे आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. ज्या हरणाकडे पाहावे, त्याचेच ते डोके वाटते. एकच आकार फिरवून किती रूपे निघतात, याचा हा धडा आहे. आपलाच ठसा एकदा सरळ, एकदा उलटा, एकदा आडवा छापून पाहावा. चार पिंपळपाने देठाला देठ लावून छापली की फूल होते. सहलीला लेणी पाहायला गेलात तर मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी, आणि दिसेल ती एकच खूण काढून आणायला सांगावी.

चौथी गोष्ट आपले रोजचे जगणे. जपानचे ठसेकार मुनाकाता शिको (१९०३-१९७५) हे लोहाराच्या घरात जन्मले. शाळा बेताची झाली. नजर इतकी अधू की लाकडाला नाक टेकवून ते कोरत. बुद्धांच्या दहा प्रमुख शिष्यांची त्यांची चित्रमालिका १९३९ ची. १९५६ मध्ये व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात छापील चित्रांचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे चित्तप्रसाद (१९१५-१९७८) यांनी मुंबईत अंधेरीला राहून लिनोलियमवर ठसे कोरले. जातीची ओळख सांगणारे आडनाव त्यांनी टाकून दिले होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपाशी माणसांची चित्रे त्यांनी काढली, पुढे ठशांतून राबणारी मुले कोरली. विषय शोधायला त्यांना दूर जावे लागले नाही, रोज डोळ्यांपुढे दिसणारी माणसेच त्यांनी घेतली.

आपल्या घरात काय दिसते? गिरणीत काम केलेल्या आजोबांचा धोटा, गवंड्याची थापी, आईचे शिवणयंत्र, नर्सताईची टोपी, रेल्वेतल्या काकांचा कंदील, दप्तर, कंदिलाखाली उघडलेले पुस्तक. यांतले काहीही कार्डावर येऊ शकते. बारावी पास झालेल्या मुलीला गुलाबाच्या छापील फुलापेक्षा तिच्या आईच्या शिवणयंत्राचा आणि पुस्तकाचा ठसा जास्त काही सांगून जाईल.

अंगठ्याचे फूल

घरातल्या वडीलधाऱ्यांना या कामातून वगळू नये. आजी म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं?" तिला बसवावे आणि तिचा अंगठा रंगाच्या गादीवर टेकवावा. मध्ये एक ठिपका आणि भोवती अंगठ्याचे पाच ठसे, की फूल झाले. दोन ठसे तिरपे जोडले की फुलपाखरू.

आपल्या मागच्या पिढ्यांनी अंगठा फार वेळा उठवला. सावकाराच्या कागदावर उठवला, काय लिहिले आहे ते न कळता उठवला. 'अंगठाबहाद्दर' म्हणून हसणेही सोसले. त्याच अंगठ्याचे फूल नातवंडांच्या कार्डावर उमटावे आणि खाली नातीने आजीचे नाव लिहावे. आजीला ते नाव एकेक अक्षर दाखवून वाचायला शिकवावे. पुढच्या कार्डावर कदाचित ती स्वतःच लिहील.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पाठवायच्या कार्डावर खुणा जास्त आणि अक्षरे कमी असावीत. गावच्या आजोबांना विहारासमोरचे झाड, विहीर, बैलजोडी दिसली की पत्र कुणाकडून वाचून घ्यायची वाट पाहावी लागणार नाही.

आत काय लिहावे?

तयार वाक्ये उतरवू नयेत. ज्याला पाठवायचे त्याच्याशी बोलावे तसे दोन ओळी लिहावे. "आत्याबाई, पौर्णिमेला येता आले नाही. मंगल कामना. हे पान आपल्या विहाराजवळच्या पिंपळाचे आहे, धाकटीने छापले. सप्रेम जयभीम." एवढे पुष्कळ झाले.

दिवसाचे भान मात्र ठेवावे. बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ११ एप्रिलची महात्मा फुले जयंती, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, ही शुभेच्छा देण्याची निमित्ते. ६ डिसेंबर हा अभिवादनाचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा नको. पाठवायचेच तर पांढऱ्या कागदावर एक निळे पान आणि 'विनम्र अभिवादन' एवढेच असावे.

विहारात एक रविवार

एकटीने करण्यापेक्षा महिला मंडळाने हा उद्योग विहारात किंवा समाजमंदिरात करावा. सतरंजी अंथरावी, वर्तमानपत्रे पसरावी. मोठ्यांनी ठसे कापावे, मुलांनी छापावे, ज्यांचे अक्षर चांगले त्यांनी लिहावे. प्रत्येक घराने एक वेगळा ठसा आणला तर दहा घरांचे दहा ठसे होतात, आणि ते अदलाबदल करून प्रत्येकाला सगळे वापरता येतात. ओली कार्डे दोरीवर चिमट्यांनी लटकवावीत. जयंतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कार्डांचे छोटे दुकान मांडले तर मंडळाच्या वाचनालयाला दोन पैसे मिळतील. विक्री नाही झाली तरी वस्तीतल्या प्रत्येक दहावी-बारावीच्या मुलाला एक कार्ड द्यावे.

मुलांच्या कामात चुका काढत बसू नये. ठसा अर्धवट उमटला, रंग सांडला, चक्र जरा तिरपे झाले, तरी ते कार्ड बाजूला टाकू नये. यंत्रावरची सगळी कार्डे सारखी असतात. हाताच्या ठशात प्रत्येक वेळी दाब निराळा पडतो, म्हणून ज्याला जे कार्ड मिळते ते फक्त त्याचेच असते.

खोडरबराचे आणि रबराचे ठसे धुऊन, पुसून एका डब्यात ठेवावेत आणि डब्यावर वर्ष लिहावे. पुढच्या वर्षी त्यांत नवे ठसे घालावेत. अशी पाच-सात वर्षे गेली की घराच्या खुणांचा एक संग्रह तयार होईल. मुलगी सासरी जाताना आपण तिला भांडी देतो, पुस्तके देतो. त्यांत हा डबाही जावा.